ब्रदर वॉलफ्रिड, मारिस्ट बंधु, यांचें अल्पचरित्र

जुबिलीच्या स्मरणग्रंथांत संतांचीं, बिशपांचीं व आद्य मिशनऱ्यांचीं चरित्रें छापण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि ती योग्यच आहे. या खेपेस मात्र वाचकांपुढें अशा एका पुरुषाचें चरित्र ठेवावयाचें योजिलें आहे कीं, ज्यास वेदीचा मान मिळालेला नाहीं, ज्यानें धर्मगुरुपदाची दीक्षाहि घेतली नव्हती, आणि ज्याचें नांव जगांत राहिलें तें एका फुटबॉल संघामुळें. धर्मग्रामाच्या मैदानावर सायंकाळीं चेंडूमागें धांवणाऱ्या आपल्या तरुणांपैकीं पुष्कळांस ग्लासगोच्या सेल्टिक संघाचें नांव ठाऊक असतें. पण तो संघ कोणीं व कशाकरितां काढला असें विचारलें तर बहुतेक गप्प बसतात. तो काढला एका शाळामास्तरानें, आणि काढला तो भुकेल्या मुलांस दुपारचें जेवण मिळावें म्हणून. पुढें त्या संघाचें काय झालें आणि त्या जेवणाचें काय झालें, ही दोन निरनिराळीं वृत्तें आहेत. तीं दोन्ही सांगितल्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं.

आयर्लंडच्या वायव्य भागांत स्लायगो नांवाचा परगणा आहे. त्यांतील बॅलीमोट येथें १८ मे १८४० रोजीं जॉन केरिन्स व एलिझाबेथ फ्लिन या दांपत्याच्या पोटीं एक मुलगा जन्मास आला व त्याचें नांव अँड्र्यू असें ठेवण्यांत आलें. घरची स्थिति गरिबीची. आयरिश कुळाचा संसार त्या काळीं बटाट्यावर चाले. धान्य व गुरें विकून जमीनदाराचा खंड भागवावयाचा आणि आपण बटाटा खाऊन जगावयाचें, अशी रीत होती. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर करपा पडला व तो पुढील वर्षांतहि फिरून फिरून आला. सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं आणि जवळ जवळ तितकींच देश सोडून गेलीं. दुष्काळ सुरू झाला तेव्हां अँड्र्यू पांच वर्षांचा होता. भूक म्हणजे काय हें त्यास कोणास विचारावें लागलें नाहीं.

या दुष्काळांतील आणखी एक गोष्ट येथें सांगून ठेवणें जरूर आहे, कारण पुढील कथेचें बीज तिच्यांत आहे. कांहीं ठिकाणीं भुकेल्या कॅथलिकांस सूप देतांना स्वधर्म सोडण्याची अट घालण्यांत आली. असें सर्वत्र झालें नाहीं. पुष्कळ प्रॉटेस्टंट सज्जनांनीं, विशेषतः क्वेकर पंथीयांनीं, कोणतीहि अट न घालतां असंख्य लोकांचे प्राण वांचविले, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. परंतु वाटीभर सुपासाठीं धर्म विकला, हा टोमणा आयरिश माणसाच्या काळजांत रुतून बसला तो कायमचा. तांदळासाठीं बाटलेले अशी जी कुत्सित भाषा आपल्या देशांत ख्रिस्ती लोकांस वेळोवेळीं ऐकावी लागली आहे, तिच्यावरून वाचकांस त्या टोमण्याची धार समजून येईल. अन्नाला अट जोडली म्हणजे देणारा व घेणारा दोघेहि खालीं येतात.

पंधरा वर्षांचा होण्याच्या सुमारास अँड्र्यूनें घर सोडलें. एका मित्राबरोबर कोळशाच्या गलबतांतून तो स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं गेला, असें परंपरेनें सांगतात. ग्लासगो ही त्या काळची केवढी तरी मोठी उद्योगनगरी. जहाजें, आगगाडीचीं इंजिनें, कापड, लोखंड यांच्या कारखान्यांनीं गजबजलेली. दुष्काळानंतर आयरिश लोकांचे तांडेच्या तांडे तेथें लोटले. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेल्या चाकरमान्यांची जी गत झाली, तीच त्यांची तेथें झाली. एका खोलींत एक कुटुंब, कधीं कधीं दोन. मजुरी हलकी व अनिश्चित. रोगराई पांचवीला पुजलेली. शहराच्या पूर्वभागांतील कॅल्टन, ब्रिजटन व पार्कहेड या वस्त्या अशाच होत्या. अँड्र्यूस रेल्वेवर काम मिळालें. दिवसां काम करावें व रात्रीं शाळेंत जावें, असा त्याचा क्रम असे.

फ्रान्सांतील एका खेड्यांत संत मार्सेलिन शांपान्या यांनीं १८१७ सालीं स्थापन केलेली मारिस्ट बंधूंची संस्था १८५८ सालीं ग्लासगोस आली होती. गरिबांच्या मुलांस शिकविणें हेंच या बंधूंचें व्रत. ते धर्मगुरु नसतात. मिस्सा अर्पण करणें, पापनिवेदन ऐकणें हीं त्यांचीं कामें नव्हेत. खडू, फळा व मुलें एवढाच त्यांचा संसार. १८६४ सालीं अँड्र्यू या संस्थेंत दाखल झाला व नवदीक्षेसाठीं फ्रान्समध्यें लील शहराजवळच्या मठांत गेला. तेथें त्यास वॉलफ्रिड हें नांव मिळालें. इटलींतील आठव्या शतकांतील एका मठाधिपति संताचें हें नांव होय. या संतानें आधीं संसार केला होता व मुलेंबाळें वाढविलीं होतीं. पुढें स्वतःचें मूल नसतां शेंकडों मुलांच्या जेवणाची चिंता वाहणाऱ्या माणसास हें नांव शोभून दिसलें, असें म्हटल्यास चालेल.

शिक्षण पुरें करून ब्रदर वॉलफ्रिड ग्लासगोस परत आले. प्रथम कॅल्टनमधील सेंट मेरी शाळेंत त्यांनीं शिकविलें, आणि १८७४ सालीं ब्रिजटन येथील येशूच्या पवित्र हृदयाच्या शाळेचे ते मुख्य शिक्षक झाले. या शाळांची अडचण वाचकांनीं समजून घेतली पाहिजे. १८७२ सालच्या कायद्यानें स्कॉटलंडांत ५ ते १३ वर्षांच्या मुलांस शाळेंत पाठविणें सक्तीचें झालें होतें. सरकारी मंडळांच्या शाळा लोकांवरील करांतून चालत. कॅथलिकांनीं मात्र आपल्या धर्मशिक्षणासाठीं स्वतंत्र शाळा ठेविल्या आणि १९१८ सालच्या कायद्यापर्यंत त्यांचा भार मुख्यतः स्वतःच सोसला. म्हणजे करहि भरावयाचा आणि शाळेसाठीं वर्गणीहि द्यावयाची. आणि वर्गणी देणारे कोण? जे स्वतःच अर्धपोटीं होते ते. सरकारी मदत मिळे ती हजेरीवर व परीक्षेच्या निकालावर अवलंबून. आणि ज्या मुलाच्या पोटांत सकाळपासून कांहीं गेलें नाहीं, तें शाळेंत येत नसे, आलें तर त्याचें ध्यान लागत नसे. कायद्यानें मुलास बांकावर आणून बसविलें खरें, पण रिकाम्या पोटाचा विचार कायद्यांत नव्हता.

त्यांतच शहराच्या गरीब वस्तींत इतर पंथांच्या मंडळ्यांनीं फुकट सुपाच्या खानावळी उघडल्या होत्या. तेथें जाणारें कॅथलिक मूल हळूहळू धर्मापासून दुरावेल, ही धास्ती ब्रदरांस व धर्मगुरूंस सतावूं लागली. लहानपणीं आयर्लंडांत ऐकलेला तो सुपाचा टोमणा येथें पुनः उभा राहिला. यावर व्याख्यान देणें सोपें होतें, तिकडे जाऊं नका असें देवळांत बजावणेंहि सोपें होतें. परंतु आईच्या घरीं चूल पेटलेली नसतांना असला उपदेश करणें म्हणजे तिच्या दुःखावर मीठ चोळणेंच होय. ब्रदर वॉलफ्रिड यांनीं उपदेश केला नाहीं. त्यांनीं स्वतः सूप शिजविण्याची व्यवस्था केली.

१८८४ सालीं त्यांच्या धर्मग्रामांतील सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मदतीनें गरीब मुलांच्या जेवणाची पंगत सुरू झाली. ही संस्था आपल्याकडीलहि पुष्कळ धर्मग्रामांतून मुकाट्यानें काम करीत असते, म्हणून तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. शेजारच्या सेंट मेरी शाळेचे मुख्य शिक्षक ब्रदर डोरोथियस यांनीं आपल्या येथें लवकरच तोच उपक्रम हातीं घेतला. जेवणाची किंमत एक पेनी, म्हणजे त्या वेळच्या भावानें आपला सुमारें एक आणा. ज्या आईबापांस तेंहि जमण्यासारखें नसे, त्यांनीं घरून पावाचा तुकडा बांधून द्यावा, म्हणजे अर्ध्या पेनींत मोठा वाडगाभर सूप मुलास मिळे. ज्यांच्याजवळ कांहींच नसे, त्यांस तसेंच जेऊं घालीत. ही पेनी घेण्यांत मोठें शहाणपण होतें. पेनींत जेवणाचा खर्च भागत नसे हें सर्वांस दिसत होतें. परंतु पेनी देणारें मूल भिकारी ठरत नाहीं आणि त्याच्या बापाची मान खालीं जात नाहीं. धर्मादाय करतांना ही नाजूक गोष्ट आपण किती वेळां विसरतों, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

पेनींत न भागणारा खर्च भागवावयाचा कोठून, हा प्रश्न दर आठवड्यास पुढें येई. ब्रदर स्वतः व्यापाऱ्यांच्या, दुकानदारांच्या दारीं जात. त्यांची वाणी गोड व चिकाटी जबर असल्यामुळें त्यांस नाहीं म्हणणें लोकांस कठीण पडे, असें त्यांस ओळखणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. परंतु त्याच त्या दारीं किती वेळां जावयाचें? ज्यांनीं धर्मग्रामासाठीं वर्गणी गोळा केली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, तिसऱ्या खेपेस ओळखीचा गृहस्थहि रस्ता बदलतो.

अशा वेळीं त्यांची दृष्टि फुटबॉलकडे वळली. हा खेळ स्कॉटलंडांत तेव्हां नुकताच जोरांत आला होता. १८६७ सालीं ग्लासगोंत क्वीन्स पार्क हा हौशी संघ निघाला आणि पाहतां पाहतां गल्लोगल्लीं संघ झाले. शनिवारीं अर्ध्या दिवसाची सुट्टी होतांच कारखान्यांतील मजूर मैदानाकडे धांव घेत. एडिंबरो शहरांतील काउगेट या गरीब आयरिश वस्तींत कॅनन एडवर्ड हॅनन या धर्मगुरूंनीं १८७५ सालींच हायबर्नियन नांवाचा संघ उभा केला होता. तरुणांनीं दारूच्या गुत्त्यापासून दूर राहावें, संस्कार नेमानें घ्यावे, आणि खेळांतून जमणारा पैसा धर्मादायास द्यावा, असा त्यांचा दंडक असे. त्यांच्या संघांत केवळ आचारनिष्ठ कॅथलिक तरुणांस प्रवेश होता. आरंभीं या आयरिश पोरांशीं सामना खेळण्यासहि कांहीं संघ तयार नव्हते. तोच संघ १२ फेब्रुवारी १८८७ रोजीं डम्बार्टन संघास २-१ असा हरवून स्कॉटिश चषकाचा मानकरी झाला. ग्लासगोच्या आयरिश वस्तींत आनंदाचा पूर लोटला. सेंट मेरीच्या सभागृहांत विजयी वीरांचा सत्कार झाला, आणि ग्लासगोकरांनींहि असा संघ काढावा, असें पाहुण्यांनीं सुचविलें. हायबर्नियन संघ ब्रदरांच्या पंगतीच्या मदतीसाठीं ग्लासगोस येऊन खेळला होता. एका सामन्याच्या तिकिटांतून किती पैसा उभा राहतो, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें.

रविवार ता. ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं कॅल्टन येथील सेंट मेरीच्या सभागृहांत मंडळी जमली. गरिबांचे डॉक्टर जॉन कॉनवे, बांधकामाच्या धंद्यांतील उत्साही पुढारी जॉन ग्लास, पॅट वेल्श वगैरे गृहस्थ त्यांत होते. नवा संघ काढण्याचें ठरलें. नांवाचा प्रश्न निघाला तेव्हां पुष्कळांच्या मनांत एडिंबरोप्रमाणेंच हायबर्नियन, म्हणजे आयरिश, असें नांव ठेवावें, असें होतें. ब्रदरांनीं सेल्टिक हें नांव पुढें केलें व तेंच मान्य झालें. या निवडींत त्यांची दूरदृष्टि दिसते. सेल्ट हे आयरिश व स्कॉटिश या दोन्ही लोकांचे समाईक पूर्वज मानले जातात. म्हणजे ज्या मुलांचा जन्म ग्लासगोंत झाला त्यांस आजोबांचा देश न सोडतां स्वतःच्याहि देशाचें होतां यावें. एडिंबरोच्या संघाप्रमाणें धर्माची अटहि येथें घातली गेली नाहीं. पुढें १८९५ सालीं इतर पंथीय खेळाडूंच्या संख्येस मर्यादा घालावी, अशी सूचना आली असतां ती नापास झाली.

१८८८ च्या जानेवारींत पहिलें जाहीर पत्रक निघालें. सेंट मेरी, पवित्र हृदय व सेंट मायकेल या तीन धर्मग्रामांतील गरीब मुलांच्या पंगतीस पैसा पुरविणें हा संघाचा मुख्य हेतु त्यांत स्पष्ट लिहिला होता. वर्गणीदारांत पहिलें नांव ग्लासगोचे आर्चबिशप चार्लस आयर यांचें. त्यांनीं २० शिलिंग म्हणजे एक पौंड दिला. पार्कहेड भागांत दफनभूमीजवळ सहा एकर मोकळी जमीन वार्षिक ५० पौंड भाड्यानें घेतली होती. ती सपाट करण्यास मजूर लावण्याइतका पैसा नव्हता. तेव्हां धर्मग्रामांतील माणसें, दिवसभर दुसऱ्यांकडे राबलेलीं, संध्याकाळीं फावडीं घेऊन तेथें येत. सहा महिन्यांच्या आंत त्यांनीं ११० यार्ड लांब व ६६ यार्ड रुंद असें खेळाचें मैदान, तीन बाजूंनीं मातीचा बांध व प्रेक्षक बसतील असा एक उघडा मांडव उभा केला. आपल्या वाडवडिलांनीं डोक्यावर दगड वाहून जीं देवळें बांधलीं, त्यांची येथें आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं.

खेळाडू मिळविण्याचेंहि काम ब्रदर अंगें करीत. १८८७ च्या डिसेंबरांत ते व ग्लास, वेल्श हे कॅथकार्ट येथें टॉम मॅले नांवाच्या खेळाडूच्या घरीं गेले. टॉम घरीं नव्हता. दार उघडलें तें त्याच्या धाकट्या भावानें. बोलणें झालें, आणि निघतां निघतां ब्रदरांनीं सहज त्या धाकट्यासहि येण्यास सांगितलें. हा विली मॅले १८९७ पासून १९४० पर्यंत, म्हणजे ४३ वर्षें, संघाचा व्यवस्थापक होता. पाहुणचार म्हणून म्हटलेल्या शब्दाचें केवढें फळ!

८ मे १८८८ रोजीं मैदान उघडलें तें हायबर्नियन व काउलेअर्स यांच्या सामन्यानें. सेल्टिकचा स्वतःचा पहिला सामना सोमवार ता. २८ मे रोजीं रेंजर्सशीं झाला. रेंजर्सनीं बहुतेक दुय्यम खेळाडू पाठविले होते. सुमारें २००० प्रेक्षक होते. नील मॅकॅलम यानें पहिला गोल केला व सेल्टिकनें ५-२ असा विजय मिळविला. पांढरा अंगरखा, हिरवी कॉलर व छातीवर सेल्टिक धर्तीचा क्रूस, असा पहिला पोशाख होता. हल्लींचे हिरवे पांढरे आडवे पट्टे १९०३ सालीं आले. सामन्यानंतर दोन्ही संघ सेंट मेरीच्या सभागृहांत एकत्र जेवले. या दोन संघांच्या पाठीराख्यांत पुढें जें कडू वैर माजलें, त्यांतून धर्माच्या नांवानें डोकीं फुटलीं. पण त्या संध्याकाळीं त्यांतील कांहींहि नव्हतें.

आतां एक अप्रिय गोष्ट. ज्या हायबर्नियननें वाट दाखविली, पंगतीसाठीं येऊन सामने खेळून दिले व मैदानाचें उद्घाटन केलें, त्याच संघांतील कित्येक चांगले खेळाडू १८८८ च्या उन्हाळ्यांत सेल्टिकनें ओढून नेले. स्कॉटलंडांत तेव्हां खेळ कायद्यानें हौशी होता. खेळाडूस वेतन देणें मना होतें. परंतु पडद्याआडून नोकरी, धंदा, रोख अशा रूपानें मोबदला दिला जात असे हें उघड गुपित होतें, आणि सेल्टिकहि त्यास अपवाद नव्हता. या व्यवहारांत पुढाकार जॉन ग्लास यांचा होता. तथापि ब्रदर वॉलफ्रिड त्या मंडळाचे आधारस्तंभ होते व त्यांस या गोष्टीपासून अगदीं वेगळें काढणें न्यायाचें होणार नाहीं. भुकेल्या मुलांसाठीं पैसा हवा, पैशासाठीं प्रेक्षक हवे, प्रेक्षकांसाठीं विजय हवा, आणि विजयासाठीं दुसऱ्याचे खेळाडू हवे, अशी ती सांखळी होती. पहिलें कडें सोन्याचें, म्हणून शेवटचेंहि सोन्याचें ठरत नाहीं. हायबर्नियन संघ खिळखिळा होऊन १८९१ सालीं बंद पडला. त्याच वर्षीं कॅनन हॅनन निवर्तले. पुढें तो संघ पुनः उभा राहिला खरा, पण धर्मग्रामाचा संघ म्हणून नव्हे.

सेल्टिकची मात्र भरभराट झाली. पहिल्याच मोसमांत तो स्कॉटिश चषकाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोंचला. ९ एप्रिल १८९२ रोजीं क्वीन्स पार्कचा ५-१ असा पराभव करून त्यानें तो चषक जिंकला. या वर्षांत पंगतीला व इतर धर्मादायास पैसा मिळत होता, मुलें जेवत होतीं, शाळा भरत होती. यश पाहून जमीनदारानें भाडें ५० पौंडांचें एकदम ४५० पौंड केलें. तेव्हां संघानें जवळच्या जुन्या विटांच्या भट्टीची जागा घेतली. तिच्यांतील खड्डे बुजविण्यास हजारों गाड्या माती लागली. १८९२ च्या मार्चांत तेथें पहिलें हिरवळीचें ढेकूळ आयरिश शेतकऱ्यांचे पुढारी मायकेल डेव्हिट यांनीं बसविलें. कुळांच्या हक्कांसाठीं जन्म वेंचणाऱ्या या गृहस्थास जमीनदाराच्या भाडेवाढीनंतर बोलावण्यांत आलें, यांत योजना होती कीं योगायोग होता, तें वाचकांनींच ठरवावें.

याच १८९२ सालीं ब्रदर वॉलफ्रिड यांस वरिष्ठांचा हुकूम झाला: ग्लासगो सोडून लंडनास जावें. वय ५२, आयुष्यांतील जवळ जवळ सर्व कर्तृत्वाचीं वर्षें याच वस्तींत गेलेलीं, हातीं घेतलेलें काम ऐन रंगांत. व्रतस्थानें आज्ञा मोडावयाची नसते. ते गेले. बदलीचें पत्र हातीं पडल्यावर धर्मग्रामांतील एखादें अर्धें काम मागें टाकून जाणें कसें असतें, हें आम्हां धर्मगुरूंस सांगावें लागत नाहीं. परंतु बहुधा आमच्या मागें देऊळ तरी जागचे जागीं राहतें. ब्रदरांच्या मागें त्यांच्या कामाचा हेतूच हळूहळू नाहींसा झाला.

झालें तें असें. १८९३ सालीं स्कॉटलंडांत धंदेवाईक खेळास परवानगी मिळाली. जें लपून होत असे तें उघड होऊं लागलें. आतां खेळाडूंचे पगार, प्रवास, मैदान, मांडव हे खर्च आधीं व पंगत मागून, असा क्रम लागला. संघांतील कांहीं सभासदांनीं हट्ट धरला कीं मूळचा हेतु सोडूं नये. कांहींनीं म्हटलें कीं व्यवहार व्यवहारासारखा चालविला नाहीं तर संघच राहणार नाहीं, मग पंगतीस देणार काय? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें निव्वळ लोभाचें होतें असें मानण्याचें कारण नाहीं. कर्जाच्या व भाड्याच्या रकमा खऱ्याच होत्या. पण निकाल काय लागला तो पाहावा. १८९७ सालीं सेल्टिक ही मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली, भाग विकले गेले, भागधारकांस लाभांश मिळूं लागला. आणि ज्या मुलांच्या नांवानें हें सर्व उभें केलें त्यांच्या पंगतीस नेमानें जाणारा पैसा तत्पूर्वींच आटला होता. फावडीं घेऊन मैदान सपाट करणाऱ्या गरिबांस त्या कंपनींत भाग कोठून असणार! क्वीन्स पार्क संघ मात्र हौशीपणास चिकटून राहिला. तो २०१९ सालापर्यंत हौशीच होता. त्यास मोठे चषक पुनः फारसे मिळाले नाहींत.

लंडनांत ब्रदर वॉलफ्रिड बेथनल ग्रीन व बो या पूर्वेकडील दरिद्री वस्त्यांत राहिले. तेथें त्यांनीं दुसरा सेल्टिक काढला नाहीं. अनवाणी फिरणाऱ्या गल्लींतील मुलांसाठीं ते फुटबॉलचे सामने भरवीत. त्यांत तिकीट नव्हतें, चषक नव्हता, कीं वर्तमानपत्रांत नांव नव्हतें. आम्हांस तर त्यांच्या जीवितांतील हा भाग सर्वांत मोठा वाटतो. ज्यानें एकदां हजारोंचा जमाव जमविला, त्यानें वीस पंचवीस पोरांत पुनः तितक्याच उल्हासानें शिट्टी फुंकावी, यास निराळीच शक्ति लागते. ग्लासगोशीं त्यांचा स्नेह तुटला नव्हता. १९११ सालीं सेल्टिकचे लोक युरोपांतील दौऱ्यावरून परततांना लंडनांत त्यांस भेटले, तेव्हां म्हातारे ब्रदर जुन्या गोष्टींत रमून गेले. झालेल्या फेरबदलाबद्दल त्यांनीं कोठें गाऱ्हाणें केलें नाहीं.

प्रकृति खालावल्यावर त्यांस स्कॉटलंडांतील डम्फ्रीज येथील मारिस्ट मठांत आणण्यांत आलें, आणि तेथें १७ एप्रिल १९१५ रोजीं वयाच्या ७४ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला. महायुद्ध पेटलें होतें. एका वृद्ध शिक्षकाच्या मरणाकडे जगाचें लक्ष असण्याची वेळ ती नव्हती. डम्फ्रीज येथेंच, आपल्या व्रतबंधूंच्या पंक्तींत, त्यांस मूठमाती देण्यांत आली.

त्यांच्या संघाशीं हिंदुस्थानाचाहि एक धागा आहे. १९३६ सालीं कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंग संघाचा महंमद सलीम हा खेळाडू ग्लासगोस गेला असतां विली मॅले यांनीं त्यास खेळवून पाहिलें. बूट घालून खेळण्याची त्यास संवय नव्हती. पायांस पट्ट्या गुंडाळून तो अनवाणीच मैदानावर उतरला, दोन सामने खेळला व प्रेक्षकांस थक्क करून गेला. पण घरची ओढ लागल्यामुळें लवकरच स्वदेशीं परतला. कॅथकार्टच्या घरांत धाकट्या भावास सहज बोलावणारे ब्रदर तेव्हां हयात नव्हते.

२५ मे १९६७ रोजीं लिस्बन येथें सेल्टिकनें इटलीच्या इंटर मिलान संघास २-१ असें हरवून युरोपियन चषक जिंकला. त्या दिवशींचे अकराहि खेळाडू ग्लासगोच्या ३० मैलांच्या टापूंत जन्मलेले होते. धर्मादायाचें काम संघानें १९९५ सालीं स्वतंत्र निधि काढून रीतसर पुनः हातीं घेतलें. ५ नोव्हेंबर २००५ रोजीं मैदानाच्या दारापुढें ब्रदर वॉलफ्रिड यांचा ब्राँझचा पुतळा बसविण्यांत आला. त्यासाठीं लागलेला पैसा संघाच्या पाठीराख्यांनीं वर्गणी काढून जमविला.